पाऊणाची पाऊण

नारिनहून निघालेली तार
आमच्या घरापाशी संपते.
पुढे खांब नाही. डोंगर,
आणि बर्फात छातीपर्यंत रुतलेला
मेंढ्यांचा रिकामा कोंडवाडा.

दिवेलागणीला वडील मीटर काढतात,
काट्याचं, जुन्या राजवटीतलं,
लाइनमन होते तेव्हाचं,
परत करायचं राहून गेलेलं.
वही माझ्याकडे.

दाब एकशे पासष्ट.
प्रवाह साडेसात.
"भाग," ते म्हणतात.
मी भागते. बावीस.
काल बावीस होते, परवाही बावीस.
शेगडीतली वेटोळी तार मोठी हट्टी,
दाब चढो की उतरो,
आपला रोध सोडत नाही.

"आता गुण."
एकशे पासष्ट गुणिले साडेसात:
बाराशे सदतीस, वर अर्धा वॅट.
तो अर्धाही लिहायचा.
अर्ध्या वॅटनं आईच्या पायाचं
एक बोट तरी शेकून निघेल,
असं वडील म्हणत नाहीत. मीच म्हणते.

शेगडीच्या पत्र्यावर मात्र ठसठशीत कोरलंय:
दोनशे वीस व्होल्ट, बावीसशे वॅट.
लहानपणी मला वाटायचं,
दाब पाऊण उरला तर ऊबही पाऊण उरेल.
वडिलांनी खडूनं दारावर मांडून दाखवलं होतं:
दाब पाऊण, म्हणून प्रवाहही पाऊण,
आणि ऊब म्हणजे दोघांचा गुणाकार,
पाऊणाची पाऊण.
सोळा आण्यांतले नऊ.
"मग सात आणे कुठं गेले?"
"थोडे वाटेत तारेनं खाल्ले.
बाकीचे निघालेच नव्हते, पोरी."

साडेसहाला ताबिल्दीचं वेल्डिंग सुरू होतं.
खिडकीत निळा उजेड तडतडतो,
आमचा बल्ब तांबूस होतो, काटा घसरतो.
एकशे चाळीस.
प्रवाह सहा आणि साडेसहाच्या मधे कुठंतरी थरथरतो.
गुणाकार नऊशेलाही पोचत नाही.
आई काही बोलत नाही,
नमद्याची घडी हनुवटीपर्यंत ओढते
आणि खोकला येऊ नये म्हणून श्वास धरते.
तो धरलेला श्वास मला ऐकू येतो.

वडील उठले.
कोट, टोपी, काखेत वही.
दारातून गेलेली थंडी बराच वेळ खोलीतच उभी राहिली.
मी मनातल्या मनात त्यांचं भांडण ऐकत बसले:
हे बघ आकडे, हा तुझा आर्क, ही माझी बायको.

चहा ओतला, निवला, पुन्हा ठेवला.
निळा उजेड काही थांबला नाही.

ते आले तेव्हा डोळे लाल होते.
"आर्ककडे उघड्या डोळ्यांनी बघितलंत?" मी विचारलं.
त्यांनी हातमोजे शेगडीवर नाही, शेगडीपासून लांब ठेवले.
मग म्हणाले,
"जिपारच्या कबरीवर ठेवायला
लोखंडी नळ्यांचं बोझ-उय करतोय.
वरचं कडं एकट्याला जुळत नव्हतं.
मी धरलं, त्यानं जोडलं."

वही?
वही त्यांनी तिथं उघडलीच नव्हती.

एकशे चाळीसच्या ओळीपुढे
मी नऊशेच्या खालचा आकडा लिहायला घेतला,
तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.
हात बर्फासारखा गार,
तरी नळी धरल्याजागी तळव्यावर
चटक्याचा लालसर पट्टा.

दहाच्या सुमाराला आर्क विझला.
काटा हळूहळू वर सरकला,
एकशे पंचावन्न, साठ,
वेटोळ्यांचा काळपट रंग विटकरी झाला.
आई जागीच होती.

"झालं का त्याचं?" तिनं विचारलं.
"दोन नळ्या राहिल्यात."
"मग उद्या," ती म्हणाली,
"मला मोज्यांचा आणखी एक जोड काढून ठेव."