मरी

धारवाडकडचा ड्रायव्हर खोकी उतरवत म्हणाला,
"अक्का, नूर ऐवत्तु मरी."
दीडशे.
आकडा कळला. पुढचा शब्दही कळला,
तरी अंगावर आला.
त्याच्या भाषेत मरी म्हणजे पिल्लू.
माझ्या आईच्या भाषेत,
दिवेलागणीला जिचं नाव घेत नाहीत ती.

गर्लगुंजीत माघातली थंडी अजून जमिनीला धरून होती.
पत्र्याचं गोल कुंपण केलं,
चार बोटं भाताचं तूस,
वर जुनी वर्तमानपत्रं, निम्मी मराठी, निम्मी कानडी.
पिल्लांनी दोन्हींवर सारखंच शिटलं.
मधोमध टांगला दोनशेचा बल्ब.
कमी पडायला नको म्हणून.

दहा दिवस सगळं मुगाच्या डाळीसारखं,
पिवळं, मऊ, एका जागी सांडलेलं.
अकराव्या दिवशी शेपटाच्या बुडाशी कोंब फुटले,
बारीक नळ्या, आत रक्त.
पहाटे गेले तर एक कडेला,
पत्र्याला तोंड लावून उभं,
शेपटाच्या जागी ओली लाल टिकली.
आणि बाकीची येत होती एकेक.
रागानं नव्हे.
तांदळातला खडा वेचावा
तेवढ्याच मन लावून.

मी गुन्हेगार शोधला.
डोक्यावर काळा ठिपका असलेलं धरलं,
डालग्याखाली कोंडलं.
तासाभरात दुसरं टोचायला लागलं. तेही कोंडलं.
संध्याकाळपर्यंत डालग्याखाली सहा,
आणि तिथंही त्यांनी
आपल्यातलं एक निवडलं होतं.

गंगव्वा आली ताकाचा तांब्या घेऊन.
पिल्लांकडे तिनं बघितलंच नाही.
वर बघितलं, डोळ्यावर हात धरून.
"ह्यो सूर्य कुणी टांगला गं?
रात्र कवा करूलालीस त्यांची?"

रात्र.
ती करायची असते हे मला ठाऊक नव्हतं.

साठचा बल्ब लावला.
गणपतीच्या मखरातला उरलेला लाल कागद
तारेच्या कड्यावर ताणला, बल्बपासून वीतभर लांब.
लाल उजेडात लाल दिसत नाही.
कुंपण दोन हात मागं सारलं,
पाण्याचं भांडं आणखी एक ठेवलं,
कोबीचा गड्डा सुतळीला बांधून टांगला
डोक्याच्या जरा वर,
म्हणजे चोचीला काम आणि पायांनाही.
जखमी पिल्लाला जांभळं औषध.
माझी बोटं आठ दिवस तशीच.
रेशन दुकानात सिद्राय म्हणाला,
"मतदान झालं व्हय? आमाला कसं कळलं न्हाई?"

ते बिस्किटाच्या खोक्यात तीन दिवस ओरडत राहिलं.
टोचणाऱ्यांनाच हाक मारत होतं.
मला त्याचा राग आला, खरं सांगते.
मग गंगव्वानं शिकवलं तसं
अंधार झाल्यावर, सगळी एकमेकांवर झोपलेली असताना,
हळूच मध्ये सरकवलं.
सकाळी एकदमच जागी झाली सगळी,
कोण नवं कोण जुनं, हिशेब लागेना.
काळ्या ठिपक्यानं येऊन
जांभळ्या डागावर एक चोच मारून बघितली.
कडू लागलं असावं.
तुसात चोच पुसली दोन्ही बाजूंनी
आणि कोबीकडे गेलं.

खाद्याची पोती घेऊन ड्रायव्हर परत आला,
"एष्टु मरी, अक्का?"
काजूखाली तीन पुरली होती,
त्यांचं त्यानं विचारलं नव्हतं.
"नूर नलवत्तेळु मरी," मी म्हटलं.
शब्द तोंडातून सरळ गेला,
अडला नाही कुठं.
तो वहीत लिहीत होता तोवर
आत कोबीवर उड्या चालल्या होत्या,
सुतळी पार झिजत आलेली.
आज नवी आणायला हवी.