पाच टोप्या

टेबलावर पाच टोप्या.
शाळेच्या जिममध्ये, बॅनरखाली, आईशेजारी बसलाय
डॅरियस पेटिफोर्ड, वय सतरा, सहा फूट नऊ.
आमची हिरवी, डावीकडून दुसरी.

मी बर्फ लोटायचा ट्रक कडेला लावून
फोनवर बघतोय. काउंटीचे रस्ते थांबतील पाच मिनिटं.

त्याने हिरवीला हात लावला.
लावला. शपथेवर सांगेन.
मग उचलली लाल.

ठेवली स्वतःच्या डोक्यावर,
घातली मात्र आम्हाला.

दोष कोचचा. अर्थात कोचचा.
ऑक्टोबरपासून सांगतोय, हॅल्वरसनला माणूस वाचता येत नाही,
नुसता टेप लावतो, शिंप्यासारखा.
टाइमआउट घेतो तो घर जळून गेल्यावर.
आणि तो झोन डिफेन्स!
आमच्या कुंपणाला याहून कमी भोकं आहेत.

बायको म्हणते, स्वतःचा मुलगा
कुठल्या कॉलेजात गेला, ते तरी ठाऊक होतं का तुला?

ठाऊक होतं. म्हणजे, नव्हतं असं नाही.
टोलेडो. वेल्डिंगचा कोर्स.
त्या दिवशी टेबल नव्हतं, कॅमेरा नव्हता,
मॅच चालू होती.
तो दारात उभा राहून म्हणाला, निघतो.
मी म्हणालो, हाफटाइमपर्यंत थांब.

रेडिओवर डिस्पॅचर ओरडतेय: सात नंबर, आहेस कुठे?
पातं खाली करतो. बर्फ बाजूला पडत जातो.

पुढच्या वर्षी एक पोरगा आहे, फोर्ट वेनचा, डावखुरा.
हॅल्वरसनने आजच त्याच्या घरी जावं.
कॉफी दिली तर नको म्हणू नये.
आईशी बोलावं,
आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत टीव्हीसमोर
बाप बसला असेल,
त्यालाही विचारावं,
तुमचं काही म्हणणं?