शेळीच्या वाटणीचा पाव

आजचा पाव गिऱ्हाइकाचा.
कालचा अर्ध्या भावात, चहाच्या गाड्यांवर.
परवाचा शेळीचा.
हा फैजपुरातल्या दिलदार बेकरीचा कायदा,
आजोबांनी केलेला,
त्यात दुरुस्ती कधी झाली नव्हती.

मग केळीच्या रोपांना थेंबाथेंबानं पाणी कसं पाजायचं
ते शिकवायला दुआर्त आला,
आणि भट्टीवरची खोली त्यानं भाड्यानं घेतली.
मे महिन्यात, भट्टीवरची खोली.
घरमालकाला लाज वाटली, पण भाडं कमी केलं नाही.
घरमालक म्हणजे माझा बाप, सुभान तडवी.

पहिल्या रविवारी तो खाली उतरला नि म्हणाला, "पांव."
नाकातून.
बापानं त्याच्या पायांकडं बघितलं:
काटा मोडला का, भाजलं का.
त्यानं बोट केलं टोपलीकडं.
शेळीच्या.

"शब्द आमचा आहे," तो मला समजावत होता,
"तुमच्याकडं येऊन इथलाच झाला."
बाप म्हणाला, "परत ने म्हणावं.
लादी तीस रुपये."

मायच्या चुलीपुढं तो उकिडवा बसला,
साहेबाचे गुडघे कटकट वाजले.
लसूण मागितला, ओंजळभर मिळाला;
आमच्याकडं लसूण कोण मोजतं?
मीठ टाकून खलात रगडला.
सांबाराची जुडी हुंगली, डोळे मिटले,
तीही रगडली, देठांसकट.
मग तेल.
शेंगदाण्याचं पुढं केलं, तर मान हलवली.
दोन बोटांत नसलेलं फळ धरून म्हणाला,
"अझैतोना."
पुन्हा, जरा मोठ्यानं, "अझैतोना!"

माय दचकली. डोक्यावर पदर घेतला.
"वरडतो काय? इथंच तर बसली."

तिचं नाव जैतून.

बावन्न वर्षं ती ह्या नावाला ओ देत आली.
फळ असतं, एवढं ऐकून होती,
कसं लागतं ते कुणी सांगितलं नव्हतं.
तिनं विचारलं. मी विचारलं. त्यानं विचार केला.
"झाडावरून तोडून खाल्लं तर कडूजहर.
महिनोन्‌महिने मिठाच्या पाण्यात ठेवावं लागतं."
बाप एकदम उठला,
भट्टीत लाकूड सारायला म्हणून बाहेर गेला.
भट्टी त्या दिवशी बंद होती.

शेंगदाण्याचंच पडलं शेवटी.
उकळत्या पाण्यात त्यानं अंडी फोडून सोडली,
तेच पाणी हिरव्या वाटणावर ओतलं,
आणि परवाचा पाव, दगड झालेला,
तोडून तोडून त्यात टाकला.
पाव आधी तरंगला, मग ऐकू लागला.

आसोर्द, म्हणे, ह्याचं नाव.
त्याच्या मुलखात उन्हानं माती अशीच तांबूस भाजते,
लोक बुचाच्या झाडांची साल सोलायला जातात,
दिवसभर पोटात एवढंच.
हल्ली राजधानीत कोळंबी घालून विकतात,
एका ताटाला आपल्याकडच्या दोन दिवसांची मजुरी.
बाप बोटं चाटत म्हणाला,
"गरिबाचं खाणं महाग झालं
की समजावं, गरीब तिथून उठले."

मायनं दोन घास खाल्ले.
"आजाऱ्याचं जेवण," म्हणाली,
आणि ठेच्याचा गोळा आणून मधोमध ठेवला.
दुआर्त रडला. ठेच्यानं असेल.

तो गेला दिवाळीच्या आधी.
उन्हाळ्यात पार्सल आलं: भुशात गुंडाळलेली बाटली,
हिरवट, जड.
आम्हाला वाटलं, फोडणीला लागेल.
मायनं बूच काढलं, हुंगलं, परत लावलं,
बाटली मीटरच्या खोक्यावर ठेवली, उंच.
वरची अक्षरं तिला वाचता येत नाहीत.
लाईट गेली की तिथं हात लावून बघते,
आहे का.

परवाचा पाव आता आम्ही खातो,
रविवारी, ठेच्यासकट.
शेळी मात्र अजून येते, तिन्हीसांजेला,
दोन पाय पायरीवर टेकते
आणि बापाकडं बघत राहते,
आजोबा बघायचे तसं,
हिशेब चुकला की.