अर्धा सूर खाली

मिरजेच्या मिशन चर्चमधला पायपेटीचा ऑर्गन
तीस-चाळीस वर्षं कुणी उघडला नव्हता.
पाठीमागची फळी काढली तर आत
उंदरानं कुरतडलेला नमदा, केसांची एक पिन
आणि सुरांच्या पितळी जिभांवर धूळ,
इतकी जुनी की तीही सुरात वाजत होती.

आम्ही तंबोरे करणारी माणसं. भोपळ्याच्या पोटात
हात घालून आवाज चाचपायची सवय.
एक जीभ नखानं उचलून बघितली, म्हटलं, बाई,
हा अख्खाच्या अख्खा अर्धा सूर उतरलाय.
घासून चढवू?

सुवार्ताबाई भोरे हसल्या.
म्हणाल्या, राहू दे. तीनशे वर्षांमागं
ज्यांनी हे लिहिलं, त्यांचा सा इथंच कुठंतरी होता.
आपण वर चढत गेलो,
आणि हा आपला आपण, धूळ खात खात,
परत तिथं पोचलाय.

मग मी नुसतं भात्याचं भोक बुजवलं.
कातड्याचं ठिगळ, सरस. मजुरी मागायची लाज वाटावी
एवढंच काम. म्हणून तालमीला जाऊन बसायचो.

ड्युटी संपवून नर्सबाया यायच्या,
टेंपरेचरच्या तक्त्यामागं पेन्सिलीनं लिहिलेलं
देवनागरीतलं लॅटिन घेऊन :
रे-सुर्-रेक्-सित.
एस्तेर सातपुते दर वेळी तिथंच अडायची.
उठला म्हणायला एवढे दात कशाला लागतात हो?

खर्जाला शलमोन आवळे.
दवाखान्याच्या शवागाराची किल्ली त्याच्या पट्ट्याला.
गाताना वाजू नये म्हणून मुठीत धरायचा.

मी आपला सम शोधायचो. सापडायची नाही.
एक आवाज निघाला, चार पावलं गेला न गेला
तोच दुसरा त्याचंच वाक्य उचलून मागनं,
त्याच्या मागनं तिसरा,
जशी एका घरातली भावंडं एकच बातमी
वेगवेगळ्या दारांनी सांगत सुटावीत.
चौथं दार शलमोनचं.

ईस्टरची पहाट. कडुनिंबाला फुलोरा.
दर्ग्याकडनं बांग येऊन गेली होती.
शलमोन आला नव्हता.
बाईंनी दाराकडं एकदाच पाहिलं
आणि हात उचलला.

तीन दारं उघडली.
चौथ्याची पाळी आली, तिथं
कुणीच नव्हतं.

ऑर्गननं खालचा सूर धरून ठेवला.
(माझं ठिगळ! मी श्वास कोंडून बसलेलो.)
बाकीचे गात राहिले त्या खड्ड्याच्या काठाकाठानं,
कुणी आत पडलं नाही,
कुणी तो बुजवायलाही गेलं नाही.
शेजारचे कार्यानंद मास्तर डोळे पुसत माझ्या कानाशी :
काय लिहिलंय बघा, धोंड सारलीय आणि आत कोणी नाही.
मी काय बोलणार.

बन आणि चहा वाटत होते तेव्हा शलमोन आला.
हाताला फिनेलचा वास.
जतची माणसं होती, म्हणाला.
रात्रभर टेंपो मिळेना त्यांना.
पोरगं दिलं, सही घेतली.
म्हातारी म्हणत होती, तोंड झाकू नका, त्याला गुदमरतं.
नाही झाकलं.

मग बशीतला चहा फुंकत,
आता आत कोणी नाही. लई दिवसांनी.
कुलूप कशाला लावायचं, सुचेना.
उघडंच टाकून आलोय.

लोक गेले. एस्तेर खुर्च्या एकात एक रचत होती.
त्यानं किल्ली ऑर्गनच्या झाकणावर ठेवली,
बाईंनी पाय मारायला सुरुवात केली,
आणि त्यानं आपला राहिलेला तुकडा म्हटला,
एकट्यानं, पुढंमागं कुणी नसताना,
मध्ये एकदा खोकून.

खालच्या सुराला आला तशी
झाकणावरची किल्ली बोलायला लागली.
जवारी कशाला म्हणतात ते मला सांगायला नको.
उचलू नका म्हटलं,
असू दे तिथंच.