बेचाळीस अंश

आदल्या संध्याकाळी तपासायला गेले तेव्हा
मुरलीधर तापकीरांनी एकच विचारलं,
"ते औषधाचं पाणी किती गरम असतंय, मॅडम?"
बेचाळीस, म्हटलं. फार तर त्रेचाळीस.
ते हसले. पोट धरून, जपून हसले.
"भोसरीत आमच्या भट्टीला चौदाशे लागायचं.
बेचाळीसला चहा पण होत नाही."

आता दुपारचे पावणेतीन.
जठर केव्हाच डब्यातून तपासणीला गेलं.
पोटातल्या अस्तरावरचे दाणे, मोहरीएवढे,
तांदळातले खडे निवडावेत तसे निवडण्यात
सकाळ संपली.
पंप सुरू. देवस्थळी सर दोन्ही हातांनी
पोट हलवतायत, कळशी विसळावी तसं.
माझ्याकडे डोक्याची बाजू.
पडद्याच्या अलीकडे माणूस म्हणजे एवढाच:
चिकटपट्टीखाली मिटलेल्या पापण्या, नळी, आकडे.

अन्ननलिकेतली तार म्हणते सदतीस पॉइंट आठ.
नाडी ब्याण्णव. एकशे चार. एकशे दहा.
काखेत बर्फ, मानेखाली बर्फ, शिरेतून गार सलाईन.
मघाशीच मुद्दाम पस्तीसवर आणून ठेवलं होतं त्यांना,
उन्हाळ्याआधी माठ भरून ठेवावा तसं.
अडतीस पॉइंट चार.
"थोडं उतरव," मी म्हणते.
पंपावरचा इरफान अर्धा अंश उतरवतो.
खाली वाकून लघवीची पिशवी बघते.
थेंब. थेंब. मग बारीक धार.
किडन्यांनो, अजून तासभर.

घरी विचारतात, काय केलंस दिवसभर?
माणूस तापू दिला.
आणि तापू दिला नाही.

भट्टीवर त्यांना कसं कळत असेल?
विचारायला हवं होतं काल.
रंगावरून, की तोंडावर येणाऱ्या झळेवरून,
की शेजारचा ओरडायच्या आत
पाय आपोआप मागे सरतो, त्यावरून?

नव्वद मिनिटं. पंप बंद. मग जोडणी, टाके.
बाहेर डिसेंबर; कर्वे रोडवर दिवे लागलेले.
जिन्यात त्यांच्या मिसेस, मांडीवर मफलर घेऊन.
सकाळपासून तशाच.
मफलर कशाला आणला असेल, कोण जाणे.

रात्री आयसीयूत नळी काढली.
घसा घोगरा, ओठ कोरडे, हनुवटी थडथडतेय.
मी कान जवळ नेला.
"थंडी," म्हणाले.
सिस्टरांना ब्लँकेट आणायला सांगितलं,
आणि मी जिन्याकडे गेले,
मफलर मागायला.