सुपडू तडवीचा एक्स-रे

सावद्याच्या स्टँडमागं, केळीच्या ट्रान्सपोर्ट कचेरीवर
माझा दवाखाना. खाली ट्रक भरतात,
वर मी जबडे वाचते.

आज फिल्म उजेडाला धरली:
हाडाची रेघ मुळांच्या खूप खाली उतरलेली,
यावलकडच्या विहिरीत पाण्याची खूण
दर उन्हाळ्याला हातभर खाली जाते तशी.
"कीड त दिसत न्हाई कुठं," सुपडू म्हणाला.
कीड नव्हतीच. दात तंबाखूनं काळे, पण शाबूत.
खालची माती गेलेली.

मी समजावू लागले.
हिरडीच्या फटीत जंतू शिरतात, ते आलंच.
पण हाड संपवतात आपलेच,
रक्तातून धावून आलेले पहारेकरी.
लढाई सरली तरी त्यांना कळत नाही,
ते हाड विरघळवणाऱ्या पेशींना
उठवत राहतात, रात्रंदिवस.

त्यानं चूळ भरली. तस्त गुलाबी झालं.
"म्हंजे माझ्यावानी," तो म्हणाला.

सतरा वर्षं तो फिरक्यांच्या मळ्यात राखणीला.
एका रात्री रानडुक्कर शिरलं,
टिश्यूची रोपं लावून आठवडाही नव्हता झाला.
"डुकरानं दोन सऱ्या उकरल्या, बाई.
मी उजाडेपर्यंत अडीचशे रोपं तुडवली,
ठिबकच्या नळ्या फोडल्या.
डुक्कर कव्हाच नाल्यापार गेलं व्हतं.
बॅटरी मारली की जुन्या बागातलं पान हलायचं,
मी त्याच्या मागं."

मालकानं त्याला काढलं नाही.
राखण्या काढला त दुसऱ्या राती कोन?
एवढंच ठरलं, की बांधावरून कोणीतरी ओरडायचं:
गेलं रे, गेलं!
ते ऐकलं की खाटेवर बसायचं.

माझ्या हातातलं हत्यार तसंच राहिलं.

पुण्याच्या प्रयोगशाळेत माझी एक मैत्रीण
उंदरांच्या हिरड्यांत एक औषध सोडते
आणि हेच ओरडून पाहते.
काहींचं हाड टिकलं. काहींचं नाही.
पहारा फार झोपला, तर भलतंच काही आत शिरतं,
फोनवर सांगते, आणि जेवायला उठते.

"ती हाक इकडं कव्हा येईन?"
ठाऊक नाही, म्हटलं.
तोवर हिरडीखालचा दगड खरवडू,
महिन्यानं या, आणि तंबाखू सोडा.
दगडाला तो हो म्हणाला.
तंबाखूला म्हणाला, "मंग जागू कशावर?"
याचं उत्तर माझ्या अभ्यासक्रमात नव्हतं.

खाली घड चढत होते,
मधे वाळली पानं घालून, आपटू नयेत म्हणून.
मी केसपेपरवर लिहिलं:
खालचा पुढचा डावा, दोन्हीकडे हलतो.
काढला नाही.
शेजारच्या दोघांना तारेनं बांधला.