घोड्याखालचं घर

वेंडल ऑस्बीनं माझा पंजा
किराणाच्या खाकी पिशवीवर ठेवून
पेन्सिलीनं गिरवून घेतला, तेव्हा मी अडतीसची होते.
"नंबर लागला की कळवीन," म्हणाला.
फोन आला चौथ्या हिवाळ्यात.

हॅमिल्टन, मोंटाना. नदीच्या काठांवर अजून बर्फाची साय.
दुकानात तेलाचा वास, आणि जुन्या सदऱ्याच्या फडक्यात
रिव्हॉल्वर: पाच घरांची, चारशे पंच्याहत्तरची,
नळीच्या तोंडात करंगळीचं टोक मावेल एवढी.
मूठ एल्कच्या शिंगाची, रुमण्यासारखी वाकलेली.
मधल्या काळात माझा हात जाडावला होता.
ऑस्बीनं पाहिलं. न बोलता कानस काढली,
शिंगाचा भुगा फुंकला, पुन्हा हातात दिली.
असं तीनदा.
किंमत विचारू नका. झाकली मूठ.

घोडा दर वेळी अंगठ्यानं ओढायचा.
टक, टक, टक, टक,
अंधारात कुणी जिना चढून
दाराशी थांबल्यासारखं.
मग चाप.
घाईच्या माणसाचं हे काम नव्हे.
मी गुरांची डॉक्टर; वासरू आडवं आलं की
खांद्यापर्यंत हात घालून
गाईची कळ ओसरेपर्यंत थांबणं मला येतं.

बार झाला की ती मागे ढकलत नाही,
मुठीतच वर उसळते,
दावं सोडवू बघणाऱ्या गोऱ्ह्यासारखी.
शंभर यार्डांवरचं लोखंडी पातं
आधी हलतं,
वाजतं नंतर.

अण्णा आले ऑगस्टात, वय शहात्तर.
वरणगावच्या कारखान्यात एकतीस वर्षं
पितळी पुंगळ्या दिव्यासमोर धरून तपासल्या त्यांनी,
पास, पास, नापास, पास,
स्वतः एकही बार काढला नाही.
गॅरेजात मी दारू मोजत होते,
एक-एक कण, श्वास धरून.
त्यांनी एक रिकामी पुंगळी उचलली,
चष्मा कपाळावर चढवला, कडेवरून नख फिरवलं.
"तोंडाशी चीर आहे. ही नापास."
मला दिसेना.
भिंगाखाली दिसली.

मैदानावर मी चार घरं भरली.
"आणि पाचवं?"
"घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचं, अण्णा.
पडली-बिडली तर."
त्यांनी त्या घरात बोट घालून बघितलं.
"रात्रपाळीला आम्ही एक माणूस
असाच मोकळा ठेवायचो," म्हणाले.
"कुणाच्या हातून काही निसटलं तर धरायला."

दोन्ही हातांनी धरली. कोपर जरा थरथरले.
चार टकटकी त्यांनी मोजल्या, ओठांनी.
बार.
पातं वाजलं नाही. मागच्या टेकाडावर
बाजरीच्या पिठासारखी धूळ उठली
आणि बराच वेळ खाली बसेना.
"आणखी एक?"
त्यांनी मान हलवली.

ही आपणहून काही फेकत नाही;
दांडी ढकलून एकेक बाहेर काढावी लागते.
त्यांनीच काढली. गरम होती,
या हातातून त्या हातात झेलत राहिले,
मग उन्हाकडे धरली.
आणि हसले नाहीत, रडले नाहीत.
"पास," म्हणाले, आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.
उरलेली तीन त्या दिवशी मीही उडवली नाहीत.

ऑस्बी आता नवे नंबर घेत नाही.
हात कापतात. सांगताना खिशात घालतो.
मागच्या महिन्यात माझी ती खाकी पिशवी परत देऊन गेला,
आत बटाटे होते, त्याच्या बागेतले.

रात्री मी पुंगळ्या तपासते, भिंग न घेता.
दिव्यासमोर धरायची, कडेवरून नख.
शंभरात एखादी सापडते.
दोन-तीन निसटत असतील.